हंगामातल्या जिनिंगचा डेटा: शोधणं, राखणं आणि पुन्हा उभा करणं

कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये (सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात) डेटा सुरक्षेचं काम हाती घ्यायचं तर पोळ्याच्या आसपास घ्यावं. दिवाळीच्या तोंडावर गेटवर गाड्यांची रांग लागली की वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर पाच मिनिटंसुद्धा कोणी बंद करू देत नाही. ते बरोबरच आहे. रांगेतल्या कास्तकाराला कापूस मोजून अंधार पडायच्या आत गावी परतायचं असतं. यवतमाळ, वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या ठिकाणी हे काम करताना आमचा जो क्रम बसत गेला, तो इथे मांडतो आहोत.

“टॅलीचा बॅकअप तं रोज घेतो ना भाऊ,” हे वाक्य जवळपास प्रत्येक ऑफिसात ऐकायला मिळतं, आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण जिनिंगचा डेटा म्हणजे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर एवढंच नव्हे. काट्याचं सॉफ्टवेअर वेगळं, प्रेसवरच्या गाठींची नोंद वेगळी, बँकेला जाणारी चुकाऱ्यांची (कास्तकारांना द्यायच्या पैशांची) फाइल वेगळी, कास्तकारांचे आधार आणि पासबुकचे फोटो कोणाच्या तरी मोबाइलमध्ये, आणि बिलं जीएसटीच्या पोर्टलवर. प्रत्येकाची प्रत ठेवणं फार अवघड नाही. बिघाडानंतर ही सगळी माणसं आणि मशिनं एकाच वेळेच्या नोंदीवर आणून उभी करणं, खरी परीक्षा तिथे आहे. काटा काल दुपारचा परत आला, टॅली परवा रात्रीची, आणि बँक मात्र आत्ताची असली, तर त्याच कापसाचा चुकारा दुसऱ्यांदा जातो. आमची सगळी रचना या एका धोक्याभोवती आहे.

पहिलं काम कागद-पेनाचं. गेटवर आलेली एक गाडी धरायची आणि तिच्या मागे चालत जायचं. गाडीचा नंबर कुठे टाइप झाला, भरलेलं वजन कुठे पडलं, ग्रेडरने ओलावा कशावर लिहिला, रिकामं वजन झाल्यावर काटापट्टी (वजनाची पावती) किती प्रतींत निघाली, ती ऑफिसात कोणी नोंदवली, भाव कोणत्या रजिस्टरवरून आला, बँकेची एक्सेल फाइल कोणी बनवली, कोणत्या कॉम्प्युटरवरून अपलोड केली. जिथे जिथे बोट कीबोर्डला किंवा फोनच्या स्क्रीनला लागलं, ती प्रत्येक जागा यादीत. या चालण्यात दरवेळी एखादी अशी वस्तू सापडते जी मालकालाही ठाऊक नसते. उदाहरणार्थ, रोजचे भाव फक्त एका कारकुनाच्या पेन ड्राइव्हवरच्या एक्सेलमध्ये असतात आणि टॅलीत जातं ते त्या एक्सेलवरून काढलेलं उत्तर. एक्सेल गेलं तर आकडा राहील, पण तो आकडा कसा आला हे कोणालाच सांगता येणार नाही.

यादीतली सगळ्यात नाजूक जागा म्हणजे काट्याची केबिन. इथला पीसी सहसा ऑफिसातून निवृत्त झालेला असतो. त्यावर अजूनही विंडोज ७ दिसतं, ज्याचा सुरक्षा पाठिंबा जानेवारी २०२० मध्ये संपला. विंडोज १० चा मोफत पाठिंबाही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे. नवीन विंडोजवर काट्याचं सॉफ्टवेअर चालत नसेल, तर त्या पीसीचं इंटरनेट पूर्ण तोडायचं, जुना फाइल-शेअरिंग प्रोटोकॉल एसएमबी-१ बंद करायचा आणि त्याला फक्त एका बॅकअप मशीनशी बोलू द्यायचं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) जगभर पसरलं ते याच प्रोटोकॉलमधल्या भोकातून, आणि त्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्येच दिलेलं होतं.

काट्याचं सॉफ्टवेअर डेटा कशात ठेवतं हे आधी बघावं, कारण प्रत घ्यायची रीत त्यावर ठरते. जुनी सॉफ्टवेअर अ‍ॅक्सेसच्या फाइलमध्ये लिहितात. ही फाइल २ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. दोन-तीन हंगाम एकाच फाइलमध्ये चालू ठेवले आणि फोटोही तिच्यातच घातले, तर ऐन गर्दीत नोंद अडते. फाइल उघडी असताना तिच्याशेजारी एक छोटी लॉक फाइल दिसते. ती दिसत असताना केलेली कॉपी अर्धवट निघू शकते, आणि ते उघडून पाहीपर्यंत कळत नाही. म्हणून कॉपी करण्याआधी सॉफ्टवेअर बंद झालंच पाहिजे. दुपारच्या जेवणाला काटा वीस-पंचवीस मिनिटं थांबतो. आम्ही पहिली प्रत त्या वेळेला लावतो, दुसरी रात्री शेवटची गाडी उतरल्यावर.

नवीन सॉफ्टवेअर बहुधा मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या डेटाबेसवर असतं. तिथे चालू कामातही नीट प्रत निघते, पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. मोफत एक्सप्रेस आवृत्तीत वेळापत्रक लावणारा एजंट नसतो, त्यामुळे बॅकअपची आज्ञा विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून चालवावी लागते. आणि सध्या वापरात असलेल्या बहुतेक एक्सप्रेस आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. काट्यावरच्या कॅमेऱ्याचे फोटो डेटाबेसच्या आत जात असतील तर हिशेब करून बघा: दिवसाला ३०० गाड्या, प्रत्येकी ४ फोटो, एक फोटो १५० केबीचा, म्हणजे रोज १८० एमबी. साठ दिवसांत १० जीबी ओलांडले. फोटो बाहेर फोल्डरमध्ये आणि डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता, अशी मांडणी सॉफ्टवेअरवाल्याकडून पोळ्यालाच करून घ्यावी. हंगामात त्याचा फोन लागत नाही.

एसक्यूएलची प्रत घेताना चेकसम (प्रत बिघडली का ते ओळखणारा आकडा) चालू ठेवावा आणि प्रत झाल्यावर पडताळणीची आज्ञा त्याच टास्कमध्ये जोडावी. डेटाबेस फुल रिकव्हरीवर (प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे लॉग, राखणाऱ्या पद्धतीवर) ठेवला तर दर १५ मिनिटांनी लॉगचा बॅकअप घेता येतो आणि नुकसान तेवढ्यापुरतंच राहतं. पण फुल रिकव्हरी ठेवून लॉगचा बॅकअप लावलाच नाही, तर लॉग फाइल वाढत वाढत डिस्क भरून टाकते आणि काटा बंद पडतो. दोन्ही एकत्रच करायचं, नाहीतर एकही नाही.

डेटाच्या प्रतीबरोबर केबिनची कुंडलीही कागदावर उतरवून ठेवावी. काट्याच्या इंडिकेटरची (वजन दाखवणाऱ्या पेटीची) केबल कोणत्या कॉम पोर्टला आहे, बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) २४०० आहे की ९६००, पॅरिटी (चूक तपासायची पद्धत) कोणती, प्रिंटरचं मॉडेल, सॉफ्टवेअरच्या लायसन्सची किल्ली. डेटा सुखरूप परत आला आणि बॉड रेट माहीत नसला, तर स्क्रीनवर वजनाच्या जागी कचरा दिसतो आणि बाहेर रांग वाढत जाते.

आता काटापट्टीविषयी, कारण आमच्या मते ती या व्यवस्थेतली सगळ्यात भरवशाची प्रत आहे. पट्टी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, कार्बनच्या कागदावर, सलग छापील क्रमांकाची असावी, आणि एक प्रत बुकातच राहावी. बऱ्याच ठिकाणी थर्मल प्रिंटर आले आहेत. ते वेगाने छापतात, आवाज करत नाहीत, पण थर्मल कागद उष्णतेने पुसट होतो आणि पत्र्याच्या केबिनमधल्या ड्रॉवरमध्ये एक उन्हाळा काढल्यावर त्यावर वाचण्यासारखं काही उरत नाही. ग्रेडरने हाताने लिहिलेला ओलावा आणि कपात यांनाही पट्टीवर ठरलेला चौकोन हवा. दुपारच्या प्रतीनंतर डिस्क गेली, तर मधल्या नोंदी परत आणणारा हा एकमेव धागा आहे.

जुन्या फाइलींच्या बाबतीत विदर्भातल्या सगळ्याच ऑफिसांत एक अडचण येते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे करारनामे, ठराव, कास्तकारांच्या याद्या श्री-लिपी, कृतिदेव किंवा आयएसएममधल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या युनिकोड, म्हणजे कोणत्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या पद्धतीच्या, नाहीत. फाइल जपली आणि फॉन्ट गेला, तर समोर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उरतो. तेव्हा त्या कॉम्प्युटरवरची फॉन्टची फोल्डरं प्रतीत घ्यावीत आणि महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ करून ठेवावी. पीडीएफ करताना फॉन्ट आत गुंफला गेला आहे याची खात्री दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून करावी. देवनागरी नावाच्या फाइली झिप करून ठेवल्या तर काही जुन्या प्रोग्रॅममध्ये उघडताना नावं बिघडतात. आम्ही अशा फोल्डरांची झिप करतच नाही.

टॅलीत आकड्याच्या नावाचं कंपनीचं फोल्डर असतं, ते पूर्ण घ्यायचं, सगळ्या कॉम्प्युटरवर टॅली बंद असताना. जिनिंगसाठी खास बनवून घेतलेल्या टीडीएल (टॅलीत जास्तीच्या सोयी जोडणाऱ्या) फाइली त्या फोल्डरमध्ये नसतात, त्या वेगळ्या शोधाव्या लागतात. त्या नसल्या तर व्हाउचर दिसतात पण गाठी-सरकीचे खास रिपोर्ट उघडत नाहीत. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनची मात्र प्रत निघतच नाही. त्यातली किल्ली बाहेर काढता येऊ नये अशीच त्याची घडण असते. त्याची मुदत, ते कोणाच्या नावावर आहे आणि हरवलं तर नवीन कुठून निघेल, एवढं यादीत लिहून ठेवायचं. दोन टप्प्यांच्या लॉगिनचे रिकव्हरी कोडही कागदावरच.

वीज, उष्णता आणि धूळ यांचा विचार केल्याशिवाय इथे एकही डिस्क बसवू नये. रेचे (रुई आणि सरकी वेगळी करणारी यंत्रं) आणि प्रेसच्या मोटारी सुरू होतात तेव्हा व्होल्टेज खाली येतं. ऑफिसची लाइन शक्यतो वेगळ्या फेजवर, स्टॅबिलायझरमागे हवी. यूपीएसला यूएसबी केबलने कॉम्प्युटरशी जोडलं की बॅटरी संपत आल्यावर कॉम्प्युटर स्वतः नीट बंद होतो. ही केबल बहुतेकदा यूपीएसच्या खोक्यातच पडून राहिलेली असते. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा-एक अंशाला साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं. त्यामुळे बॅटरी तीन वर्षं चालेल हे गृहीत धरू नये; दसऱ्याला लाइन मुद्दाम काढून ती किती मिनिटं तग धरते ते घड्याळ लावून बघावं.

कूलर ही खास आपली भानगड. कूलरची ओली हवा थेट कॉम्प्युटरवर सोडली की रुईची उडालेली तूस आणि पाण्यातले क्षार मिळून आत थर बसतो, पंखा जाम होतो, डिस्क तापते. मशीन कूलरच्या झोतात नको आणि जमिनीवर तर नकोच. हंगामात पंधरा दिवसांतून एकदा ब्लोअरने साफ करावं, पंखा बोटाने धरून. नाहीतर तो उलटा जोरात फिरून खराब होतो.

काट्याची केबिन आणि ऑफिस यांच्यात तांब्याची लॅन केबल उघड्यावरून ओढलेली असते. तिची मर्यादा १०० मीटर, पण अंतरापेक्षा मोठा धोका विजेचा. जूनच्या पहिल्या पावसात जवळपास वीज पडली की त्या केबलमधून झटका येतो आणि काट्याचा पीसी, स्विच, ऑफिसचा कॉम्प्युटर एकाच वेळी जातात. बॅकअप मशीनही त्याच स्विचला असेल तर तेही. इथे ऑप्टिकल फायबर टाकावी, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारी पेटी). काचेतून वीज वाहत नाही. केबलमध्ये लोखंडी आवरण असेल तर ते टोकाला तोडून ठेवावं, नाहीतर झटका त्या आवरणावरून येतो.

आता प्रती कुठे ठेवायच्या. जुना नियम आहे: एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक आवाराबाहेर. त्याला आता आणखी एक जोडलं जातं, की एक प्रत अशी असावी जिला नेटवर्कवरून कोणीच हात लावू शकणार नाही. जिनिंगमध्ये “आवाराबाहेर” या शब्दाला फार वजन आहे, कारण इथली सगळ्यात मोठी भीती आगीची. उन्हाळ्यात कापसाच्या गंजीला लागलेली आग आवरता आवरत नाही, आणि आगीनंतर विमा कंपनी पहिल्यांदा साठ्याचं रजिस्टर, खरेदीच्या पट्ट्या आणि गाठींचे क्रमांक मागते. किती माल जळला हे सिद्ध करणारा पुरावाच मालाबरोबर जळालेला असला, तर दावा लटकतो. ऑफिसातल्या लोखंडी तिजोरीवर विसंबू नये. कागदासाठी बनवलेल्या अग्निरोधक तिजोरीत आतलं तापमान १७७ अंशांपर्यंत जाऊ शकतं. कागद त्यात टिकतो. डिस्कला मात्र साधारण ५२ अंशांच्या आत राहावं लागतं, आणि त्यासाठीच्या तिजोऱ्या वेगळ्या येतात.

आमची नेहमीची मांडणी अशी. एक छोटा मिनी पीसी, त्यावर लिनक्स, दोन डिस्क एकमेकींची आरशासारखी प्रत ठेवणाऱ्या. तो ऑफिसात न ठेवता आवाराच्या दुसऱ्या टोकाला, मॅनेजरच्या क्वार्टरमध्ये. काट्याचा पीसी आणि टॅलीचा कॉम्प्युटर आपापली तयार प्रत एका फोल्डरमध्ये टाकतात आणि मिनी पीसी ती स्वतः येऊन ओढून नेतो, फक्त वाचण्याचे हक्क असलेल्या खात्याने. दिशा महत्त्वाची आहे. कॉम्प्युटर जर बॅकअपच्या डिस्कवर ढकलत असेल, तर त्या कॉम्प्युटरवर शिरलेलं रॅन्समवेअरही तिथपर्यंत पोचतं. विंडोजच्या आतल्या शॅडो कॉपी (विंडोज स्वतः ठेवतं त्या फाइलींच्या जुन्या प्रती) तर ते आल्या आल्या पुसतं. ओढून नेणाऱ्या मशीनचा पासवर्ड मात्र कोणत्याही विंडोज कॉम्प्युटरवर साठवलेला नसतो. आरशासारख्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, हेही इथेच सांगून ठेवतो. एकीवरची फाइल पुसली की दुसरीवरचीही त्याच क्षणी जाते.

मिनी पीसीवर आम्ही रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्रॅम वापरतो. ते मोफत आहे, प्रत्येक प्रत एन्क्रिप्ट (पासवर्डने कुलूपबंद) करतं आणि बदललेला भागच साठवतं. रोजच्या ३०, महिन्याच्या १२ आणि वर्षाच्या ८ प्रती ठेवतो. आठ वर्षांचं कारण कायदा: कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं राखावी लागतात, आणि जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. कास्तकाराकडून घेतलेल्या कापसावर रिव्हर्स चार्जने (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने) कर भरावा लागत असल्याने खरेदीच्या पट्ट्या थेट करनोंदीचा भाग होतात. एन्क्रिप्शनचा पासवर्ड गेला तर डेटा गेला, कोणीही तो परत काढून देऊ शकत नाही. म्हणून तो कागदावर, दोन बंद पाकिटांत, एक मालकाच्या घरी आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये.

हात न पोचणारी प्रत म्हणजे दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, आलटून पालटून. एक जोडलेली असताना दुसरी गावातल्या घरी किंवा लॉकरमध्ये. सोमवारी अदलाबदल. इथे पेन ड्राइव्ह आणि एसएसडी टाळतो. विजेविना पडून राहिलेल्या एसएसडीतला चार्ज हळूहळू उतरतो आणि उष्णतेत तो लवकर उतरतो. वर्षभर कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी फिरती डिस्कच बरी. डिस्क विंडोज कॉम्प्युटरला जोडायची असेल तर ड्राइव्हचं अक्षर डिस्क मॅनेजमेंटमधून कायमचं ठरवून द्यावं. कोणी फोन चार्जिंगला लावला की ‘ई’ची ‘एफ’ होते आणि टास्क मुकाट्याने नापास होत राहतं. विंडोजच्या खात्याचा पासवर्ड बदलल्यावरही नेमकं हेच होतं, कारण टास्कमध्ये जुना पासवर्ड साठवलेला असतो.

क्लाउडची प्रत तिसरी. पहिल्यांदा ८० जीबी वर पाठवायचे आणि अपलोड २ एमबीपीएस मिळत असेल, तर न थांबता ८९ तास लागतात. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली तर पुन्हा खोळंबा. म्हणून पहिली मोठी प्रत डिस्कवर नागपूरला किंवा अमरावतीला नेऊन चांगल्या लाइनवरून चढवावी, मग रोजचे २५० एमबी १७-१८ मिनिटांत जातात. साठवण अशी निवडावी जिच्यात ऑब्जेक्ट लॉक (ठरल्या मुदतीपर्यंत फाइल पुसू न देणारं कुलूप) आहे. ३० दिवसांचं कुलूप कम्प्लायन्स प्रकारात लावलं की खात्याचा मालकसुद्धा ती प्रत मुदतीआधी पुसू शकत नाही. सर्व्हर भारतातलाच निवडावा, मुंबई किंवा हैदराबाद. कंपन्यांच्या लेखे नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबाची प्रत भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे.

गुगल ड्राइव्हला फोल्डर जोडून ठेवलं म्हणजे बॅकअप झाला, असा समज पक्का बसलेला आहे. ती फक्त जोडणी आहे. इकडे फाइल खराब झाली की तिकडेही खराब होते, पुसलेली फाइल कचऱ्यात ३० दिवस राहते आणि मग कायमची जाते. काम संपल्यावर मार्चमध्ये कोणी पुसलेली फाइल ऑडिटच्या वेळी शोधली जाते, तेव्हा उशीर झालेला असतो.

मिनी पीसी रोज सकाळी एक ओळीचा संदेश पाठवतो: किती एमबी नवीन, किती फाइली, किती वेळ. हा आकडा बघायची सवय लावणं हेच अर्धं काम. रोज २५० एमबी येतात आणि एके दिवशी ४० जीबी आले, तर कोणीतरी फाइली एन्क्रिप्ट करतं आहे असं समजून नेटवर्कची केबल आधी काढायची, चौकशी नंतर. शून्य एमबी आले तरी तितकंच गंभीर. हा शिरकाव बहुतेक वेळा दूरवरून दुरुस्ती करायच्या प्रोग्रॅममधून होतो: सॉफ्टवेअरवाल्याने सोयीसाठी कायमचा पासवर्ड ठेवलेला असतो आणि तोच पासवर्ड त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे असतो. हंगामापुरतं सुद्धा असं ठेवू नये. असा हल्ला झालाच तर सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतं, आणि लॉग १८० दिवस राखायचे असतात. कास्तकारांचे आधार आणि खाते क्रमांक आपल्याकडे आहेत म्हटल्यावर २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आलाच. सुरक्षेच्या वाजवी उपायांत कसूर झाल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले पासबुकचे फोटो कामाच्या फोल्डरमध्ये हलवून फोनमधून पुसणं, हा त्यातला सगळ्यात स्वस्त उपाय.

परत उभं करण्याचा सराव दसऱ्याआधी, वेगळ्या लॅपटॉपवर. सुरुवात घड्याळापासून. सगळे कॉम्प्युटर एकाच वेळेला आहेत ना? जुन्या पीसीतली नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि पट्टीवरही तीच छापली जाते. ऑफिसचे कॉम्प्युटर एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी जोडावेत आणि काट्याच्या पीसीने मिनी पीसीकडून वेळ घ्यावी. वेळा जुळल्या नाहीत तर पुढची सगळी जुळवणी अंदाजपंचे होते.

समजा दुपारी साडेचारला काट्याची डिस्क गेली आणि शेवटची प्रत दीडची आहे. परत आलेल्या डेटाबेसमध्ये शेवटची पट्टी ४८१२ आहे, बुकात ४८७१. म्हणजे ५९ पट्ट्या हाताने चढवायच्या आहेत. त्या क्रमानेच चढवाव्यात, कारण सॉफ्टवेअर पुढचा नंबर स्वतः देतं. एक जरी मागेपुढे झाली तरी पुढचे सगळे क्रमांक छापील बुकापासून सरकतात. वजन इंडिकेटरवरून न येता हाताने टाकलं आहे, अशी खूण प्रत्येक नोंदीवर हवी आणि त्या यादीवर मॅनेजर व दिवाणजी दोघांची सही. हे पुरं होईपर्यंत नवीन गाड्या वेगळ्या छापील बुकावर हाताने लिहाव्यात. दोन्ही कामं एकाच स्क्रीनवर सुरू केली की घोळ होतो.

मग टॅली. तिची प्रत आदल्या रात्रीची असेल तर खरेदीची व्हाउचर पट्टी क्रमांकाने काट्याशी जुळवायची. पट्टी क्रमांक व्हाउचरच्या स्वतंत्र रकान्यात असावा हा आग्रह आम्ही धरतो तो याचसाठी. शेऱ्यात कुठेतरी लिहिलेला क्रमांक एक्सेलमध्ये भरवशाने जुळवता येत नाही.

आणि मग बँक, जी मागे जात नाही. आपला कॉम्प्युटर कालच्या रात्रीवर आला तरी आज सकाळी गेलेले चुकारे कास्तकारांच्या खात्यात पोचलेले आहेत. टॅलीत मात्र ते अजून बाकी दिसतात. या क्षणी कोणी सवयीने “बाकी चुकारे” काढून फाइल बनवली, तर पैसे दुसऱ्यांदा जातात आणि मग गावोगाव फिरून परत मागावे लागतात. म्हणून नियम सक्त: बँकेचं स्टेटमेंट उतरवून प्रत्येक यूटीआर क्रमांक (बँकेने प्रत्येक व्यवहाराला दिलेला नंबर) पट्टीशी जुळेपर्यंत नवीन पेमेंट फाइल बनवायची नाही, कितीही तगादा लागला तरी. जीएसटीकडेही तसंच. परत आलेली टॅली बिलाला पुन्हा जुनाच नंबर देते, आणि त्या नंबरचं ई-इनव्हॉइस आधीच निघालेलं असेल तर पोर्टल ते दुबार म्हणून नाकारतं. आधी पोर्टलवरचा शेवटचा बिल क्रमांक बघायचा, मधली बिलं टॅलीत तशीच चढवायची, मग पुढे.

बँकेच्या बाजूनेही खंड पडू शकतो. जुलै २०२४ च्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा एनपीसीआयने (देशातली पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या संस्थेने) तिला पेमेंट व्यवस्थेपासून तात्पुरतं वेगळं केलं, आणि जवळपास ३०० लहान बँकांचे व्यवहार अडले. आपला सगळा डेटा सुरक्षित असूनही चुकारे थांबू शकतात. दुसऱ्या बँकेत एक चालू खातं आणि तिची पेमेंट फाइल ज्या नमुन्यात लागते त्याची तयार प्रत, एवढी तजवीज आधीच असावी.

सरावात लागलेला वेळ टप्प्याटप्प्याने लिहून ठेवतो: डिस्कवरून डेटाबेस किती मिनिटांत आला, इंडिकेटर जुळायला किती, पट्ट्या चढवायला किती. क्लाउडवरून ८० जीबी १० एमबीपीएसने उतरवायला १८ तास लागतात, म्हणून तो मार्ग आगीसारख्या प्रसंगासाठी. रोजच्या बिघाडाला क्वार्टरमधला मिनी पीसीच कामाचा. या वेळांचा एक कागद काट्याच्या केबिनमध्ये भिंतीवर लावतो, सोबत कोणी कोणाला फोन करायचा ते. हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एक छोटा सराव पुन्हा, फक्त एका दिवसाच्या पट्ट्यांचा, कारण तोवर काट्यावर बहुधा नवा मुलगा बसलेला असतो आणि बाकीच्यांना जे तोंडपाठ आहे ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

एप्रिलमध्ये प्रेस थांबली की त्या हंगामाची एक पूर्ण प्रत वेगळ्या डिस्कवर काढून, उघडून तपासून, वर्षाचं लेबल लावून लॉकरमध्ये जाते. काट्याचा डेटाबेस नव्या हंगामासाठी कोरा केला जातो तो त्यानंतरच, आणि काढून टाकलेल्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क भंगारवाल्याकडे जाण्याआधी पूर्ण पुसली किंवा फोडली जाते.